दारावरची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीची पूजा करतात. कोऱ्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढतात, झेंडूचे फूल वाहतात आणि मग वर्षभर त्याच वहीला भिऊन असतात. कोणी किती नेले, कोणी किती दिले, कोण ‘उद्या देतो’ म्हणून गेला तो गेलाच, हे सारे तिच्या पोटात. माणसाचा माणसाच्या स्मरणशक्तीवर विश्वास नाही, आणि तो नाही हे फार बरे आहे. नाहीतर निम्मी दुकाने पहिल्या वर्षातच बुडाली असती आणि उरलेली निम्मी कोर्टात गेली असती.

पण वहीला एक खोड आहे. ती वाढते. ज्याच्या हाती लेखणी येते त्याला प्रत्येक गोष्ट लिहिण्याजोगी वाटू लागते. आम्हा कादंबरीकारांत हा रोग फार. नायक उठून दात घासेपर्यंत अकरा पाने संपलेली एक कादंबरी मी एका स्पर्धेचा परीक्षक म्हणून वाचली आहे. बाराव्या पानावर तो चहा पिणार होता; मी तेवढा वेळ थांबलो नाही.

आम्ही मरोळकर तर नोंदींच्याच राज्यात राहतो. घराबाहेर पडून पाच मिनिटे चालले की कुठले ना कुठले फाटक लागते. त्यांतले सर्वांत मोठे सीप्झचे. १९७३ साली, परदेशी माल पाठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी हा इलाखा उभा राहिला. पुढे तिथे हिरे-दागिने आले, संगणकाच्या कंपन्या आल्या. आत बनते ते देशाबाहेर जायचे, म्हणून सभोवती कुंपण आणि दाराशी तपासणी. त्याच कुंपणाच्या आत पोर्तुगीजांच्या वेळचे, १५७९ सालचे, एक चर्च पडक्या भिंतींनिशी उभे आहे. एकोणिसाव्या शतकात साथ आली, वस्ती हलली, आणि चर्च मागे राहिले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते. साडेचारशे वर्षांच्या देवाला भेटायचे तरी वाट त्याच फाटकातून!

आजूबाजूच्या एमआयडीसीत लहान फाटके तर शेकड्यांनी. स्टुलावर वॉचमन, मांडीवर लांबट वही, वहीला सुतळीने बांधलेले पेन. नाव, मोबाईल, कोणाकडे जायचे, काम काय, वेळ, सही. सकाळी मेट्रोतून उतरलेला लोंढा येतो तेव्हा ही सहा घरे भरता भरता रांग पार रिक्षांपर्यंत जाते. मग लोक काय करतात? ‘काम’ या घरात वरच्या माणसाने ‘वैयक्तिक’ लिहिले असेल, तर त्याखाली दोन टिंबे देतात, त्याखालचा आणखी दोन देतो. संध्याकाळपर्यंत पानभर टिंबेच टिंबे. उद्या खरोखर कोणी काही चोरून नेले, तर पोलिसांना ती टिंबे वाचावी लागतील.

हे फाटकांचे पुराण मी लावले त्याला कारण आहे. माझा भाचा इथल्याच एका कंपनीत संगणक सांभाळतो. लोकांच्या पैशांचे व्यवहार ज्या यंत्रांतून जातात ती यंत्रे रात्री-अपरात्री बंद पडू नयेत हे त्याचे काम. मी चित्रकलेचा मास्तर. कागदावरचे शिक्षण दहावी, जिला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. त्यामुळे त्याचे काम मला कळावे अशी अपेक्षा तोही करीत नाही. पण गेल्या पावसाळ्यात महिनाभर तो घरी येई तो चेहरा पाडूनच. शेवटी एका रविवारी मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, कर्नलचं ऑडिट जड झालंय.”

वाचकांनी दचकू नये. मीही आधी फौजेतलाच कर्नल समजलो. मरोळच्या मिलिटरी रोडवर रोज ये-जा करणाऱ्या माणसाचा तसा समज होणे साहजिक आहे. हा कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. यंत्रात शेकडो प्रोग्रॅम एकाच वेळी चालू असतात, पण त्यांपैकी एकालाही डिस्कला, तारेला किंवा दुसऱ्याच्या स्मृतीला परस्पर हात लावता येत नाही. काही हवे असले की गाभ्याच्या दाराशी यायचे आणि मागायचे: ही फाईल उघडून द्या, एवढे वाचून द्या, हा मजकूर पलीकडच्या यंत्राकडे पाठवा. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. लिनक्स नावाची जी प्रणाली भाच्याच्या यंत्रांवर आहे, तिच्यात अशा मागण्यांचे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. आणि साधी मागणी पुरी होऊन प्रोग्रॅम परतायला लागणारा वेळ एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. एका डुलकीत लाखो मागण्या येऊन जातात.

आता या दारावर वही ठेवा.

ती कोणी ठेवली तेही भाच्याने सांगितले. रेड हॅट कंपनीतल्या रिक फेथ या अभियंत्याने ऑडिटची ही व्यवस्था लिहिली आणि २००४ साली ती लिनक्सच्या गाभ्यात आली. सरकारी आणि लष्करी गिऱ्हाइकांना ‘कोणी काय केले’ याचा पुरावा देणारी यंत्रणा हवी होती. मला कौतुक वाटले ते याचे, की त्या गृहस्थाने आपल्या लिखाणाच्या माथ्यावरच उद्देश नोंदवून ठेवले आहेत, आणि त्यांत ही वही यंत्राला कमीत कमी जड व्हावी हा उद्देश अगदी वरच्या क्रमांकावर आहे. ज्याला लिहिण्याचे काम दिले, त्यानेच आधी लिहिण्याचे ओझे मोजले.

तरी ओझे झालेच. कारण वही उघडी असली, की प्रत्येक मागणी दाराशी आल्याबरोबर तिचा प्रकार आणि तिने आणलेल्या पहिल्या चार वस्तू टिपून ठेवाव्या लागतात. ती परत निघाली की निकाल काय लागला ते पाहावे लागते. आणि मग नियमांची यादी वरून खाली वाचत जायचे: हिची नोंद करायची का? या नियमाने? नाही. याने? नाही. पुढच्याने? पैकी नव्याण्णव वेळा शेवटी उत्तर येते ‘नाही’, आणि मागणीला सोडून दिले जाते. वहीत काहीही उतरले नाही, पण चौकशी पुरी झाली. माझी समजूत होती की वेळ लिहिण्यात जातो. भाचा म्हणाला, “लिहिण्यात जातोच, पण त्याहून जास्त ‘लिहायचं का’ हे ठरवण्यात जातो, मामा.”

मी त्याला म्हटले, हे तर हजेरीसारखे झाले. वर्गात साठ मुले. पस्तीस मिनिटांच्या तासात एकेकाचे नाव पुकारले तर हत्तीची सोंड काढायला वेळ उरत नाही. म्हणून मी नावे पुकारीत नाही, रिकामे बाक पाहतो. भाचा हसला. “आमच्याकडं साठाच्या जागी साठ लाख आहेत, आणि रिकामं बाक कुठलं हेच आधी ठरवायचंय.”

प्रकरण असे होते. कंपनीत हिशेबतपासनिसांसारखे सुरक्षा-तपासनीस आले. नोंदी पुऱ्या नाहीत असा शेरा मारून गेले. शेऱ्यात चूक काही नव्हती. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ने आदेश काढून सर्व यंत्रणांच्या नोंदी चालू ठेवणे आणि १८० दिवस जपणे बंधनकारक केले आहे. आणि त्याआधी २०१८ च्या ऑगस्टात, ११ आणि १३ तारखेला, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते सर्वांना आठवते. दरोडेखोर बँकेच्या दाराशी आलेच नव्हते. ते तारेतून आत शिरले आणि देशोदेशींच्या एटीएममधून काही तासांत नोटा निघाल्या. तेव्हा तपासनीस घाबरवतात ते उगाच नव्हे. पण शेऱ्याला उत्तर म्हणून कंपनीतल्या कोणी उत्साही माणसाने कुठूनसा शंभरावर नियमांचा एक गठ्ठा आणला आणि सगळ्या यंत्रांवर जसाच्या तसा चढवला. आमच्या शाळेतही वरून आलेले तक्ते असेच चढतात. ते भरता भरता फळा पुसायचाच राहतो. यंत्रे रांगू लागली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. साहेब म्हणाले, ऑडिट बंद करा, तपासनीस पुन्हा यायच्या आठवड्यात चालू करू.

भाचा बंद करीना. त्याला एक कारण होते, आणि ते त्याने मला त्या रविवारीच पहिल्यांदा सांगितले.

आधीच्या नोकरीत रात्रपाळीला दोघे होते. हा, आणि कंत्राटावरचा एक मुलगा. एका पहाटे गिऱ्हाइकाच्या हिशेबांचे एक आख्खे दालनच यंत्रावरून पुसले गेलेले आढळले. दोघेही ‘रूट’ या सर्वाधिकारी नावानेच आत शिरत, सगळेच शिरत. आणि यंत्र मंद होते म्हणून वही वर्षभर मिटलेली होती. कोणी पुसले, माणसाने की एखाद्या चुकार प्रोग्रॅमने, हे सांगणारा एक अक्षराचा पुरावा नव्हता. तीन दिवस चौकशी झाली. चौथ्या दिवशी कंत्राटवाल्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगण्यात आले, कारण कायम नोकराला तसे सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

“त्यानं पुसलं नसेल,” भाचा म्हणाला, “आणि पुसलंही असेल. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्याच्या आईनं मला फोन केला होता. मी काय सांगणार?”

थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग तो उठला आणि लॅपटॉप घेऊन आला.

या वहीत एक मोठी न्यायाची सोय आहे, ती त्याने मला दाखवली. माणूस आपल्या नावाने यंत्रात शिरला, की ते मूळ नाव त्याला चिकटते. मग तो सर्वाधिकारी होवो, आणखी कोणी होवो, त्याच्या प्रत्येक नोंदीपुढे ते मूळ नाव राहते. मी म्हटले, म्हणजे सासरी नाव बदलले तरी माहेरचे नाव वहीत राहायचे. त्याला उपमा पसंत पडली नाही, पण अर्थ तोच.

पडद्यावर नोंदी सरकत होत्या. अक्षरे माझ्या आवाक्याबाहेरची, पण आकडा वाचता येतो. जवळजवळ प्रत्येक ओळीत मूळ नावाच्या जागी एकच आकडा: ४२९४९६७२९५. मी विचारले, “हा कोण एवढा उद्योगी माणूस? रात्रंदिवस याचंच नाव.”

भाचा हसत सुटला. “मामा, तो कुणीच नाही. माणसानं आत न शिरता यंत्र आपलं आपण जे करतं, त्याला मूळ नाव नसतं. नाव नाही याची खूण म्हणून तो आकडा.”

म्हणजे वहीची बहुतेक पाने ‘कोणीही नाही’ याने भरली होती! यंत्र स्वतःशीच फाईल उघडत होते, वाचत होते, मिटत होते, आणि दारावरचा द्वारपाल ते इमानेइतबारे लिहून घेत होता. पहिला कात्रीचा घाव भाच्याने तिथेच घातला. फाईली चाळण्याच्या, बदलण्याच्या नोंदी फक्त मूळ नाव असलेल्या माणसांच्या ठेवल्या. पण सरसकट नाही. कारण तारेतून आत येणारा चोर नाव सांगून येत नाही. तो एखाद्या सेवेच्या खिडकीतून, त्या ‘कोणीही नाही’च्या अंगरख्यातच आत येतो. म्हणून दुसरा नियम असा, की बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या सेवेने नवा प्रोग्रॅम सुरू केला, तर नाव असो वा नसो, लिहा. दुकानाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने अचानक पहार मागितली, तर ती कशाला हे विचारलेच पाहिजे. असा प्रसंग क्वचित येतो, त्यामुळे तो लिहून ठेवणे महाग पडत नाही.

मग वाचणे आणि लिहिणे या दोन मागण्या. यांच्याइतकी दाराशी गर्दी कोणाची नाही, आणि गठ्ठ्यातले काही नियम नेमके यांच्यावरच. पण फाईल आधी उघडावी लागते. उघडणे एकदा, वाचणे हजारदा. वाचनालयातून पुस्तक कोणी नेले ते लिहावे, त्याने पाने किती वेळा उलटली ते कशाला? त्याने उघडण्यावर पहारा ठेवला, तोही निवडक फाईलींपुरता, आणि वाचण्यालिहिण्यावरचा काढला.

उरलेले नियम त्याने एकत्र बांधले. पुसणे, नाव बदलणे, जागा बदलणे यांसाठी वेगवेगळे नियम होते, अटी मात्र शब्दशः त्याच. एका नियमात कितीही प्रकारच्या मागण्या नोंदवता येतात. प्रत्येक प्रकाराला एक खूण, खूण आहे की नाही एवढेच पाहायचे. चार नियमांचा एक झाला, की न जुळणाऱ्या प्रत्येक मागणीच्या वाटेतले तीन प्रश्न कमी झाले. क्रमालाही अर्थ असतो, कारण वरून खाली जाताना जो नियम पहिला जुळतो त्याचाच निर्णय लागतो. शंभरावरचे नियम पंचविसांच्या आत आले. यात बुद्धीपेक्षा बैठक जास्त लागली, असे त्याचेच म्हणणे. तीन रविवार तो आमच्या गॅलरीत बसून एकेक नियम वाचीत होता आणि मला विचारीत होता, “मामा, हे झालेलं कळलं नाही तर कुणाचं काय बिघडेल?” प्रश्न मला नव्हता, पण मी उत्तरे देत होतो.

एक याहून सोपा उपाय होता. प्रोग्रॅम जन्माला येतानाच त्याच्या कपाळावर ‘याला कधीही विचारू नका’ असे लिहिता येते. तो मग वहीच्या वाटेलाच जात नाही, धावत आतबाहेर करतो. फेडोरा नावाच्या लिनक्सच्या एका अवतारात मुळात अशीच सोय करून दिलेली असते, कारण घरच्या यंत्रावर नियम एकही नसताना नुसती वही उघडी ठेवल्याचा भुर्दंड कोणी का सोसावा? पण जन्मतः सुटलेल्याचा पुढचा कोणताच सिस्टिम कॉल वहीत येत नाही. साहेबांना हा उपाय फार आवडला होता. भाच्याने तो प्रयोगाच्या यंत्रांपुरता ठेवला.

गाभा लिहिणारी मंडळीही स्वस्थ नाहीत. २०२२ साली असे ध्यानात आले, की नियमांची यादी तपासताना द्वारपाल मागणीचा क्रमांक प्रत्येक नियमाच्या वेळी नव्याने स्मृतीतून काढून पाहतो. क्रमांक बदलणार नाही हे माणसाला कळते, पण भाषांतर करणाऱ्या यंत्राला त्याची खात्री पटत नव्हती. म्हणून तो एकदाच हातात घेऊन ठेवावा, असा बदल झाला. त्याच्याच जोडीला, जुळणारा नियम विरळाच असतो, तेव्हा सरळ वाट न जुळणाऱ्यांसाठी राखावी, हेही यंत्राला सांगण्यात आले. बदल मोजक्या ओळींचे. जगभरच्या यंत्रांवर दर सेकंदाला किती वेळा ती चिठ्ठी पुन्हा पाहिली जात असेल याचा मी हिशेब करू लागलो, आणि लौकरच सोडून दिला.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटचा होता. नोंदी भराभर आल्या आणि लिहिणारा मागे पडला, तर त्या रांगेत थांबतात. रांगेला मर्यादा असते. ती भरली म्हणजे काय करायचे? मागणाऱ्यांना दाराशी थोडा वेळ ताटकळत ठेवता येते. तरीही जागा झाली नाही, तर तीन पर्याय: शून्य म्हटले तर नोंद मुकाट्याने टाकून द्यायची, एक म्हटले तर टाकायची, पण टाकली अशी बोंब मारायची, आणि दोन म्हटले तर सगळे यंत्रच जागच्या जागी बंद पाडायचे. नोंदीवाचून एकही काम होता कामा नये, मग काम नाही झाले तरी बेहत्तर! असा बाणेदार द्वारपाल लष्करात शोभेल. पण महिन्याच्या एक तारखेला, पगार जमा होत असताना, तो यंत्र बंद पाडून बसला तर? आणि शून्याचा दुसरा धोका: चोराने आधी मुद्दाम गोंधळ घालून वही भरवायची आणि मग आपले काम साधायचे. जत्रेत खिसेकापू हेच करतात.

भाच्याने एक घेतला, रांग लांब केली, आणि नोंदी लगोलग दुसऱ्या यंत्रावर जातील अशी तजवीज केली, म्हणजे इथे सर्वाधिकारी झालेल्याला तिथली पाने फाडता येऊ नयेत. नियमांना कुलूप घातले. ते यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उघडत नाही. त्याला तर नाहीच, साहेबांनाही नाही. साहेबांनी आठवडाभर यंत्रांचा वेग पाहिला आणि ऑडिट बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

आता काम उरले होते ते माझे. प्रत्येक नियमाला एक नाव द्यावे लागते, म्हणजे पुढे हजारो नोंदींतून त्या जातीच्या तेवढ्या वेगळ्या काढता येतात. भाचा म्हणाला, “तुम्ही पात्रांना नावं देता, ह्यांनाही द्या.” हिशेबांच्या दालनाला मी ‘तिजोरी’ दिले, परवलीच्या फाईलींना ‘किल्ली’, खिडकीतल्या कारकुनाच्या नियमाला ‘पहार’. पुसण्याच्या नियमाला ‘बोळा’. घड्याळाची वेळ बदलू पाहणाऱ्यासाठी ‘पंचांग’ सुचवले ते त्याने आनंदाने घेतले. रात्री बारानंतर आत शिरणाऱ्या माणसांसाठी मी ‘निशाचर’ म्हटले, तेव्हा मात्र तो अडला. या यादीत वेळेचा नियमच करता येत नाही, म्हणाला. आणि करता आला असता तरी रात्रपाळीला मीच असतो.